बाटली, ग्रुप आणि स्टेज : किशोरवयीन मालिकेतल्या एचआयव्ही-कथनाचं एक प्रकरण

या लेखातली मालिका कल्पित आहे. दर आठवड्याला एक, असे चाळीस मिनिटांचे आठ भाग. सई आणि ईशान दोघं एकोणीस वर्षांचे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. सईला जन्मापासून एचआयव्ही आहे, ईशानला ते माहीत नाही. अशा कथानकाच्या पहिल्या खर्ड्यात ज्या चुका हमखास सापडतात, त्या सगळ्या मुद्दाम या एका खर्ड्यात गोळा केल्या आहेत. वयं एकोणीस ठेवण्याचंही कारण आहे. पात्रं अठराच्या आतली घेतली की संमती, पालकांचा अधिकार, तपासणीसाठी कोणाची परवानगी लागते, असे कायद्याचे प्रश्न पुढे सरकतात आणि ‘जोडीदाराला कसं सांगायचं’ हा मूळ प्रश्न मागे पडतो.

पहिल्या खर्ड्याचा आराखडा असा. तिसऱ्या भागाच्या शेवटी सईच्या बॅगेतून गोळ्यांची बाटली पडते. ईशान लेबलवरचं नाव फोनवर शोधतो, त्याचा चेहरा उतरतो, भाग संपतो. चौथ्या भागात तो तिला जाब विचारतो, ती रडते. तो त्याच संध्याकाळी रक्त तपासून येतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि त्याचा जीव भांड्यात पडतो. पाचव्यात सईची मैत्रीण मीरा ही गोष्ट कॉलेजच्या ग्रुपवर फोडते. सहाव्यात सई चिडून गोळ्या बंद करते आणि दोन आठवड्यांत आयसीयूत पोचते. सातव्यात ईशान परत येतो आणि म्हणतो, “मला तुझ्या आजाराची पर्वा नाही.” आठव्यात सई गॅदरिंगच्या स्टेजवर माइक हातात घेऊन सगळ्यांना सांगते आणि टाळ्या पडतात.

वाचायला हे वाईट नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी घडतं, नटांना रडायला-ओरडायला जागा मिळते. पण आठ भागांत सई स्वतःहून, शांतपणे, एका माणसाला एकदाही सांगत नाही. बाटली सांगते, ग्रुप सांगतो आणि शेवटी ती सांगते तेव्हा समोर चारशे माणसं असतात. ‘सांगणं’ हाच विषय असलेल्या मालिकेत सांगण्याचा प्रसंगच नाही.

बाटली

बाटलीपासून सुरुवात करू, कारण पुढचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

इतकी वर्षं एचआयव्हीचं औषध घेणारी मुलगी तीस गोळ्यांची लेबल लावलेली बाटली कॉलेजच्या बॅगेत घेऊन हिंडत नाही. आजचा नेहमीचा उपचार म्हणजे दिवसाला एक गोळी. तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम असतं. ही गोळी बहुतेक जण ठरलेल्या वेळी घरीच घेतात. प्रवास असला तर दोन-चार गोळ्या छोट्या डबीत घेतात. मूळ बाटलीत ओल शोषणारी पुडी असते, त्यामुळे सगळा साठा उगाच दुसरीकडे काढत नाहीत. वर्षानुवर्षं गुपित सांभाळणाऱ्या माणसाच्या सवयी काटेकोर असतात. लेबल खरवडलेलं असतं, बाटली कपाटात मागच्या बाजूला असते, फोनच्या गजरावर नाव ‘पाणी’ किंवा ‘अभ्यास’ असं काहीतरी असतं. पटकथेला सोन्यासारखे तपशील इथे आहेत, आणि खर्ड्याने त्यातला एकही घेतलेला नाही.

त्याहून मोठा तोटा वेगळा आहे. बाटलीतून कळलं की सई ‘पकडली जाते’. पुढचं संभाषण आपोआप खुलाशाचं होतं, तो विचारणारा आणि ती उत्तर देणारी. प्रेक्षकही नकळत ईशानच्या बाजूने बसतो, कारण दोघांनाही ते आत्ताच कळलेलं असतं.

म्हणून पहिली दुरुस्ती कोणाला काय आधी माहीत असतं याची. पहिल्या भागातच प्रेक्षकाला सईचा साडेनऊचा गजर दिसतो, ती गोळी घेताना दिसते, त्यावर संवाद नाही. दुसऱ्या भागात आई फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तपासणीची तारीख लिहिते. ईशानला कळायच्या दोन भाग आधी प्रेक्षकाला कळलेलं असतं, आणि तो सईच्या विश्वासातला होऊन बसतो. आता ताण ‘काय बाहेर येणार’ याचा राहत नाही. ती कधी सांगेल, कसं सांगेल, सांगावं की नाही, हा ताण होतो. तो चौथ्या भागापर्यंत टिकतो. बाटलीचा ताण एका शॉटमध्ये संपतो.

त्याच संध्याकाळचा रिपोर्ट

चौथ्या भागातल्या तपासणीत दोन चुका एकमेकींच्या पाठीवर बसल्या आहेत. दोघांनी आतापर्यंत फक्त चुंबन घेतलेलं आहे. त्यातून एचआयव्ही जात नाही, लाळेतून तो पसरत नाही. म्हणजे तपासणीचं कारणच नव्हतं. पण ईशान तपासायला पळतो आणि निगेटिव्ह रिपोर्टवर सुटकेचा श्वास टाकतो, तेव्हा पटकथा न बोलता सांगते की धोका होता आणि तो थोडक्यात वाचला. संवादात कितीही बरोबर माहिती घाला, प्रसंगाची ही साक्ष तिच्यावर मात करते.

दुसरी चूक काळाची. समजा खरोखर धोक्याचा प्रसंग घडला असता, तरी त्याच आठवड्याचा रिपोर्ट काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांनी संसर्ग पकडू शकते, बोटातून रक्त घेऊन होणारी झटपट अँटिबॉडी चाचणी २३ ते ९० दिवसांनी, आणि विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांनी. त्या रात्री उपयोगाची गोष्ट वेगळीच असते. धोक्याच्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधं. जितकी लवकर तितकी बरी. किशोरवयीन मालिकांत ही माहिती फार क्वचित येते, आणि प्रेक्षकाला घड्याळ लावून वापरता येईल अशी माहिती नेमकी हीच आहे. या कथानकात मात्र तिला जागा नाही, कारण धोकाच घडलेला नाही. ती कोंबली तर पुन्हा तीच खोटी साक्ष. दुसऱ्या एखाद्या पात्राच्या बाबतीत वापरता येते, इथे नको.

“धोका खूप कमी होतो”

खर्ड्यात एक डॉक्टर दीड मिनिट बोलतात. त्यात एक वाक्य आहे : “नियमित औषध घेतलं तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो.” लिहिणाऱ्याला वाटतं आपण सावध राहिलो. खरं तर हे वाक्य जुनं आहे आणि चुकीचं आहे.

एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता आणि दुसऱ्याला नव्हता. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराकडे होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला, हे २०११ साली जाहीर झालं. ‘खूप कमी’ हे शब्द त्या टप्प्यावरचे. पुढच्या अभ्यासांनी चित्र पक्कं केलं. ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासाच्या २०१६च्या निष्कर्षांत ८८८ जोडप्यांमध्ये निरोधशिवायचे सुमारे ५८ हजार संबंध मोजले गेले. २०१९मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांमध्ये सुमारे ७६ हजार. दोन्हींमध्ये औषधाने विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेले संसर्ग : शून्य. या अभ्यासांत ‘दबलेला’ म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या २००पेक्षा कमी प्रती. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३मध्ये हाच शब्द वापरला : विषाणू सापडण्याच्या पातळीखाली असेल तर लैंगिक संबंधातून लागण होण्याचा धोका शून्य.

म्हणून संवादात ‘जात नाही’ म्हणायचं, ‘खूप कमी’ नाही. ऐकणाऱ्याच्या मनात ‘खूप कमी’चा अर्थ ‘आहे’ असाच होतो. हा शून्य मात्र लैंगिक संबंधापुरता आहे, एकच सुई दोघांनी वापरण्याला तो लागू नाही. औषध नव्याने सुरू केलं असेल तर विषाणू दबायला सहा महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. आणि निरोधची गरज इतर लैंगिक आजारांसाठी नि गर्भधारणेसाठी उरतेच, ती एचआयव्हीशी जोडून सांगू नये.

डॉक्टरांचं दीड मिनिटाचं भाषणही काढायचं. भाषण चालू झालं की प्रेक्षक फोन हातात घेतो. तीच माहिती तीन तोंडांतून, तीन भागांत येऊ द्यावी. सई एक वाक्य सांगते. ईशान ते दुसऱ्या दिवशी चुकीचं आठवतो. समुपदेशक ती चूक दुरुस्त करते. चुकून दुरुस्त झालेलं वाक्य लक्षात राहतं, एकदा नीट ऐकलेलं राहत नाही.

दोन आठवड्यांत आयसीयू

गोळ्या बंद केल्यावर विषाणू परत वाढतो, बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत. पण प्रतिकारशक्ती चांगली असलेली एकोणीस वर्षांची मुलगी दोन आठवड्यांत व्हेंटिलेटरवर जात नाही. आजारपणाला सहसा महिने-वर्षं लागतात. खर्ड्याला शिक्षा हवी होती म्हणून त्याने काळ चेपला. एखादी गोळी चुकली म्हणून आभाळही कोसळत नाही. तसं दाखवलं तर मालिका बघणारी, औषध घेणारी मुलं विनाकारण धास्तावतात.

सत्य जास्त नाट्यमय आहे. गोळ्या बंद केल्यावर काहीच दिसत नाही. ताप नाही, चक्कर नाही, आरशात तोच चेहरा. बदलते ती फक्त एक गोष्ट : “माझ्याकडून जात नाही” हे वाक्य आता तिचं राहत नाही. नव्या आराखड्यात सई सहाव्या भागात नऊ दिवस गोळी घेत नाही, आणि त्या नऊ दिवसांत ईशान जवळ आला की ती मागे सरकते. तो समजतो, आपलं काही चुकलं. प्रेक्षकाला कारण माहीत आहे. नंतर ती पुन्हा सुरू करते, डॉक्टरांना खरं सांगते, तपासणी ठरते. हॉस्पिटलचा सेट लागत नाही, निर्मितीचा खर्चही वाचतो.

कायद्याचं एक वाक्य

मीराच्या तोंडी खर्ड्यात आहे : “हे लपवणं गुन्हा आहे, माहितीये ना?” असं एक वाक्य मालिकेतून बाहेर पडतं आणि प्रेक्षकांत कायदा म्हणून फिरतं. ते कुठे घडतंय त्यावर खरं की खोटं ठरतं. कॅनडात सर्वोच्च न्यायालयाने १९९८च्या क्युरिअर खटल्यात न सांगणं ही संमती रद्द करणारी फसवणूक ठरू शकते असं म्हटलं. २०१२च्या मेबिअर खटल्यात कसोटी बदलून ‘संसर्गाची वास्तव शक्यता’ अशी केली. डिसेंबर २०१८मध्ये तिथल्याच केंद्र सरकारच्या वकिलांना निर्देश मिळाला की विषाणू दबलेला असेल तर खटला भरू नये. कॅलिफोर्नियाने २०१८पासून या गुन्ह्याची श्रेणी खाली आणली. भारतात २०१७चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. तो संसर्ग टाळण्यासाठी वाजवी खबरदारी घ्यायला सांगतो, आणि त्या खबरदारीत धोका कमी करणारे उपाय किंवा आधी सांगणं, दोन्ही धरतो. याच कायद्यानुसार विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्ही-स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे. म्हणजे भारतात घडणाऱ्या कथेत कायद्याचं बोट आधी मीराकडे वळतं. खर्डा लिहिणाऱ्याच्या हे गावीही नाही.

वाक्य काढायचं. ठेवायचंच असेल तर कथेची जागा ठरवून वकिलाकडून तपासून घ्यायचं आणि ते चुकीचं असल्याचं त्याच भागात दुसऱ्या पात्राकडून येऊ द्यायचं.

सांगण्याआधी

तिसऱ्या भागात समुपदेशकाच्या खोलीतला अडीच मिनिटांचा प्रसंग घातला. खर्ड्यात तो नव्हता, आणि बाकी सगळं त्याच्यावर टेकलं आहे. समुपदेशक ‘सांगून टाक’ असं म्हणत नाही. ती विचारते : का सांगायचंय? आत्ताच का? त्याने वाईट वागायचं ठरवलं तर तो तुझं काय बिघडवू शकतो? तो आधी रागावलेला कधी पाहिलास, तेव्हा काय केलं त्याने? शेवटचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. काही नात्यांत सांगितल्यावर मारहाण होते, घराबाहेर काढलं जातं. तिथे ‘अजून सांगू नकोस’ हा योग्य सल्ला असतो. प्रेक्षकांत अशा नात्यातलीही कोणी बसलेली असते, तिच्यासाठी हा प्रश्न पडद्यावर आला पाहिजे.

मग दोघी सराव करतात. समुपदेशक ईशान होते, सई बोलते. पहिल्यांदा ती तीन मिनिटं प्रस्तावना करते : “तुला वाटेल की... पण तू समजून घे... खरं तर मी आधीच...” समुपदेशक थांबवते : “इतकी प्रस्तावना ऐकून त्याला वाटेल, तू कोणाचा खून केलास.” दुसऱ्यांदा तिसऱ्या वाक्यात मुद्दा येतो. जागा ठरते : बसता येईल अशी, उठून जाता येईल अशी, आणि घरी परतायला कोणाच्या गाडीवर अवलंबून राहावं लागणार नाही अशी. वेळ दिवसाची. परीक्षेच्या आदल्या रात्री नाही, पार्टीत नाही, आणि शारीरिक जवळिकीच्या ऐन क्षणी तर अजिबात नाही. मालिकांना तोच क्षण आवडतो, पण त्या क्षणी ऐकणारा विचार करण्याच्या अवस्थेत नसतो. मेसेज करून सांगायचं की नाही यावर दोघींचं थोडं वाजतं. मेसेजचा स्क्रीनशॉट होतो, हे समुपदेशकाचं म्हणणं. समोर बसून सांगितलं तर माझा चेहरा तो बघणार, हे सईचं. दोन्ही बरोबर आहे, आणि प्रसंगात तो वाद तसाच सोडला आहे.

चौथा भाग, चौदावं मिनिट

हा प्रसंग चाळीस मिनिटांच्या भागात चौदाव्या मिनिटाला सुरू होतो आणि विसाव्याला संपतो. जागेवरून बराच वाद होऊ शकतो, कारण वाहिनीला तो भागाच्या शेवटी हवा असणार. पण ‘मला एचआयव्ही आहे’ या वाक्यावर भाग तोडला की ते वाक्य आठवडाभर बॉम्बसारखं टिकटिकत राहतं. प्रेक्षक सात दिवस फक्त भीती बाळगून असतो, उत्तरं पुढच्या आठवड्यात मिळतात, आणि पुढचा भाग सगळे बघत नाहीत. मध्यावर ठेवलं की त्याच बैठकीत वीस मिनिटांचं ‘नंतर’ मिळतं.

संवाद असे ठरले :

सई : एक सांगायचंय. पूर्ण ऐक, मग हवं ते विचार.
ईशान : ब्रेकअप?
सई : नाही रे. मला एचआयव्ही आहे. जन्मापासून.
(शांतता.)
ईशान : म्हणजे... एड्स?
सई : नाही. विषाणू आहे, आजार झालेला नाही. रोज रात्री एक गोळी घेते. मार्चमध्ये तपासणी झाली, तेव्हा रक्तात तो सापडण्याइतकाही नव्हता. तसं असलं की तो शरीरसंबंधातून दुसऱ्याला जात नाही.
ईशान : पण आपण त्या दिवशी...
सई : किस करून जात नाही. कधीच. तुला काहीही झालेलं नाहीये.
ईशान : चार महिने झाले आपल्याला. आत्ता सांगतेस?
सई : हो. तू कसा आहेस ते कळायला मला चार महिने लागले.
ईशान : कोणाकोणाला माहितीये?
सई : आई, आजी, डॉक्टर. आता तू. पुढे कोणाला सांगायचं ते मी ठरवणार. तू नाही.

‘नाही रे’ हे दोन शब्द काढून पाहिले तर प्रसंग कोसळतो. तो चुकीच्या भीतीत आहे आणि ती त्याला त्यातून सहज बाहेर काढते, मग खरी गोष्ट सांगते. तिच्या हातात सूत्रं आहेत हे तिथे ठरतं. ‘मार्चमध्ये’ हा शब्द विश्वासार्हतेसाठी आहे. उपचार स्थिर असला की विषाणूची मोजणी साधारण वर्षातून एकदा होते, म्हणजे कोणाच्याही हातातला रिपोर्ट काही महिने जुनाच असतो. ‘कालच तपासलं’ असं लिहिणाऱ्याला हे माहीत नसतं. एचआयव्ही आणि एड्स यांतला फरक ईशानच्या चुकीतून येतो, कारण बहुसंख्य प्रेक्षकांची पहिली चूक तीच असणार.

‘जन्मापासून’ या शब्दात एक सापळा आहे आणि तो मान्य करायला हवा. जन्मतः लागण झालेली नायिका निवडणं ही सोयीची वाट आहे, कारण तिला कोणी दोष देत नाही. तिच्या तोंडी “यात माझी काय चूक?” असं वाक्य आलं की ज्यांना लैंगिक संबंधातून किंवा सुईतून लागण झाली, त्यांची चूक होती असा अर्थ आपसूक निघतो. खर्ड्यात ते वाक्य दोनदा होतं. कॅनडाच्या ‘डिग्रासी हाय’ या किशोरवयीन मालिकेने १९९०मध्येच अवघड वाट घेतली होती. तिथल्या ड्वेन या दांडगट मुलाला उन्हाळ्यातल्या एका नात्यातून एचआयव्ही होतो, आणि प्रेक्षकाला न आवडणाऱ्या मुलाबद्दल विचार करावा लागतो. आपल्या प्रकरणात तोड म्हणून क्लिनिकच्या बाकावर सईशेजारी एक तरुण बसवला. दोघं औषधांच्या चवीवर बोलतात. लहानपणीच्या लोपिनाव्हिरच्या सिरपचा कडवटपणा सईला अजून जिभेवर आठवतो, त्याने तो चाखलेला नाही, कारण त्याचं औषध मोठेपणी सुरू झालं. त्याला कसा झाला, हे ती विचारत नाही. पुढे ईशान विचारतो, “पण त्याला कसा झाला?” तेव्हा सई म्हणते, “विचारलं नाही. तुला का हवंय?”

ऐकल्यावरच्या शांततेला पटकथेत सेकंद लिहून ठेवले : आठ. दिग्दर्शकाने ते संकलनात तीनवर आणायचे नाहीत, पार्श्वसंगीत घालायचं नाही, ईशानला मागे सरकवायचं नाही. त्याच्या हातातला चहाचा कप मात्र तो खाली ठेवतो, आणि प्रेक्षक आणि सई दोघंही त्या हाताकडे बघतात. तो हात पुढे कुठे जातो? कुठेच नाही, टेबलावर राहतो. मिठी नाही. पहिल्या पाच मिनिटांत मिठी मारणारा ईशान खोटा वाटतो, आणि ज्यांना मिठी मिळाली नाही त्यांना आपलं काहीतरी कमी पडलं असं वाटतं.

नंतरचे तीन दिवस

पाचवा भाग ईशानचा आहे. त्याला राग येतो, आणि येऊ द्यावा. पण राग कशाचा हे नेमकं ठरवावं लागतं. ‘तू मला धोक्यात घातलंस’ हा राग वस्तुस्थितीला धरून नाही, तरी सुरुवातीला तो येणारच. ‘मला एवढं मोठं काही सांभाळता येईल का’ ही भीती खरी आहे. तो रात्री दोन वाजता इंटरनेटवर शोधतो आणि त्याला तीस वर्षांपूर्वीची छायाचित्रं सापडतात. मग तो क्लिनिकला फोन करतो. समुपदेशक सईबद्दल एक अक्षर बोलत नाही, सई तिथे येते हेही मान्य करत नाही, पण ईशानच्या प्रश्नांना उत्तरं देते. गोपनीयता कशी चालते हे एका फोनमध्ये दिसतं, भाषण लागत नाही. एचआयव्ही नसलेल्या जोडीदारासाठी रोजची प्रतिबंधक गोळी असते हेही ती सांगते. अमेरिकेत तिला २०१२मध्ये मान्यता मिळाली. सईचा विषाणू दबलेला असताना तिची गरज नाही, पण कोणाला मनाच्या शांतीसाठी हवी असेल तर डॉक्टरांशी बोलावं, इतकंच.

मीराचं काय? ग्रुपवर फोडणारी खलनायिका काढून टाकली. खऱ्या आयुष्यात बातमी बहुतेकदा वैऱ्याकडून फुटत नाही, चांगल्या हेतूच्या माणसाकडून फुटते. सहाव्या भागात ईशानच मोठ्या भावाला सांगतो, आधार हवा म्हणून, “कोणाला सांगू नकोस हं दादा” असं म्हणून. भाऊ वहिनीला सांगतो. दोन दिवसांनी वहिनी सईला वेगळ्या कपात चहा देते. पुढे कोणाला सांगायचं ते सई ठरवणार, ही तिची अट ईशानने मोडलेली असते आणि त्याला ते कपाकडे बघून कळतं. सईच्या नऊ दिवसांच्या न घेतलेल्या गोळ्या इथून सुरू होतात. या दोन गोष्टींचा धागा जुळला तेव्हा सहावा भाग उभा राहिला.

सातव्यातलं “मला तुझ्या आजाराची पर्वा नाही” हे वाक्यही बदललं. पर्वा नसणं म्हणजे प्रेम नव्हे, निष्काळजीपणा. ईशान त्याऐवजी विचारतो, “पुढची तपासणी कधी आहे?” सई तारीख सांगते. तो ती फोनमध्ये टाकतो, पण नाव काय लिहायचं ते तिला विचारतो.

पडद्याबाहेरचं

पटकथा नीट झाली तरी प्रोमो विभाग तीस सेकंदांत ती उलटवू शकतो. सईचं रडणं, ईशानचं धावणं, गडगडाट, आणि ‘तिचं एक रहस्य... त्याचा जीव घेणार?’ अशी पट्टी. म्हणून करारातच लिहून घ्यावं की या भागांचे प्रोमो, थंबनेल आणि शीर्षकं सल्लागाराच्या नजरेखालून जातील. उपशीर्षकं आणि डबिंग करणाऱ्यांना शब्दांची यादी द्यावी : एचआयव्हीच्या जागी एड्स घालायचं नाही, ‘ग्रस्त’, ‘बळी’, ‘पीडित’ नको, ‘एचआयव्हीसह जगणारी’ किंवा नुसतं ‘तिला एचआयव्ही आहे’.

भागाच्या शेवटी हेल्पलाइनचा क्रमांक दाखवायचा का, यावर निर्मात्यांत नेहमी कुरकुर होते की त्याने कथा मोडते. अमेरिकेत २००१मध्ये ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ या दैनिक मालिकेत टोनी रामिरेझ या पात्राला एचआयव्ही असल्याचं कळतं आणि तो होणाऱ्या बायकोला ते सांगतो. या भागांना जोडून राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक दाखवला गेला, आणि त्या वेळेत आलेल्या फोनची संख्या त्या वर्षीच्या इतर दिवसांच्या खूप वर गेली. फोन येतील हे आधी हेल्पलाइनला कळवावं लागतं, नाहीतर धीर करून फोन लावणाऱ्याला ‘लाइन व्यस्त’ ऐकू येतं. नायजेरियात ‘एमटीव्ही शुगा’ या मालिकेवर झालेल्या प्रयोगात १८ ते २५ वयाचे सुमारे पाच हजार तरुण होते. मालिका पाहिलेल्यांमध्ये आठ महिन्यांनंतर एचआयव्ही चाचणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण न पाहिलेल्यांच्या दुप्पट होतं. तेव्हा ‘ही तर नुसती मालिका’ हा बचाव टिकत नाही, आणि चुकीचा रिपोर्ट दाखवण्याची किंमतही त्याच मापाने मोजावी लागते.

आठव्या भागातलं स्टेज काढलं. सगळ्यांना सांगणं हा सांगण्याचा सर्वोच्च टप्पा आहे असा समज त्यातून पसरतो आणि न सांगणारे भित्रे ठरतात. सईच्या यादीत शेवटी पाच नावं आहेत : आई, आजी, डॉक्टर, ईशान, आणि तिने स्वतः निवडून सांगितलेली मीरा. दादा-वहिनीला कळलं आहे, पण ते यादीत नाहीत, आणि वहिनी अजूनही थोडी अवघडलेली आहे. शेवटच्या प्रसंगात सगळे जेवत असताना साडेनऊचा गजर वाजतो. फोनच्या पडद्यावर ‘पाणी’ असं येतं. सई उठते, स्वयंपाकघरात जाते. मागे गप्पा चालू राहतात, वहिनी तिच्या ताटात भात वाढून ठेवते.